पाणी जोखताना

सावलीपर्यंत बस येते. त्यापुढं सावली नाही.
छकड्यात बूड आपटत नऊ किलोमीटर,
मग महीच्या काठची कोतरं,
मातीच्या खोल घळी, जिथं वाट
दर पावसाळ्यानंतर नव्यानं विचारावी लागते.
पिशवीत पाच नळ्या, थेंबांची कुपी,
ओआरएसची पुडकी, आणि वही.
तिचे रकाने ज्यानं आखले
तो इकडं आला नसावा.

एकोणतीस घरं. हँडपंप एक,
त्याचा दांडा फुलाभानं गाय बांधायला नेलेला.
विचारलं तर म्हणाला,
पाणी आलं असतं तर पाणी बांधलं असतं.

वस्तीच्या डोक्यावरून बडोद्याला जातो मोठा नळ,
माणूस उभा राहील एवढ्या पोटाचा.
दांडिया बाजारात माझ्या तिसऱ्या मजल्यावर
पहाटे पावणेसहाला जे येतं
ते असं, या बायांच्या डोक्यांवरून.
रात्री कान लावला तर ऐकू येतं म्हणे
शहराच्या आंघोळीला निघालेलं पाणी.

नळाच्या एका व्हॉल्व्हला गळती होती.
बारीक. करंगळीएवढी.
खाली हंडे, तेलाचे डबे, रंगाची रिकामी बादली,
आणि भांडण नाही. नंबर ठरलेले,
बाळंतिणीचा आधी.
मी नळीत पाणी धरलं, थेंब टाकले :
पिवळं. लख्ख, हळदीचं पिवळं.
त्या वर्षी जुलाबाचं एकही नाव
माझ्या वहीत इथलं नव्हतं.

आणि मी लिहिलं,
रकानाच होता तसा,
गळती : होय.

सतरा वर्षांच्या नोकरीत
माझ्या लिहिण्यानं काही घडलेलं नाही.
डास लिहिले, डास राहिले.
शाळेमागचं डबकं सात वेळा लिहिलं,
आता त्यात कमळं आहेत.
हे मात्र तिसऱ्या दिवशी घडलं.
जीप आली, वेल्डिंगवाला आला,
करंगळी बुजवली, वर
लाल रंगात तारीख घातली.

आता नदीच्या वाळूत खड्डा.
हातभर उकरलं की झिरपतं,
वाटीवाटीनं भरायचं.
वरच्या अंगाला म्हशी, आणि त्याच्याही वर
जे कोणी जे काही सोडतात ते रात्री सोडतात.
पंधरवड्यात अकरा जण.
रमतुबेनचा हितलो, दहा महिन्यांचा,
डोळे आत, टाळू खोल,
पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली
तर तशीच राहते, विसरल्यासारखी.

पुडकं दाखवून मी सांगतो,
एक लिटर पाण्यात. स्वच्छ. उकळून गार केलेल्या.
ती चुलीकडं बघते. कालच्या ओल्या काटक्या.
मग माझ्याकडं.
"कोणतं पाणी घेऊ, साहेब?"

याआधीच, मी टेकायच्या आत,
तिनं माझ्या हातात लोटा दिलेला.
दारी आलेल्याला पाणी. त्याला रकाना नाही.
पितळ घासून घासून पातळ झालंय.
मला तहान आहे, बसपासूनची.
पिशवीत माझी बाटली आहे,
घरून भरलेली, म्हणजे इथलीच.
झाकण घट्ट.

सवयीनं नळी काढतो.
लोट्यातलं पाणी, थेंब.
दारातल्या चार पोरी माना लांब करतात.
एक विचारते, पीळुं थयुं?
नाही होत.
हलवतो. उन्हात धरतो.
काचेतून पलीकडचा मोठा नळ दिसतो,
वाकडा, बोटाएवढा,
आणि त्यावरची लाल तारीख.

बाटली उघडतो. पातेल्यात ओततो,
तळाच्या थेंबापर्यंत, वर पुडकं.
रमतुबेन चमचा शोधते, पदरानं पुसते,
पोराचं तोंड उघडते.
उद्याचं लिटर कुठून, हे ती विचारत नाही.
चमच्यावरची नजर न काढता
विचारते एवढंच,
"तुम्ही नाही प्यायलात?"